‘ए. ए.’ म्हणजे कोण?

बाईचं काम कुठं संपतं आणि बाईचा छंद कुठं सुरू होतो, हे ठरवतं कोण? आपल्या बैठकांमध्ये हा प्रश्न वेगवेगळ्या निमित्तानं निघतो. गोधडी शिवणं ही कला की घरकाम? जात्यावर ओव्या रचणाऱ्या बाईला कवयित्री म्हणायचं की नाही? चार घरच्या मुलांची शिकवणी घेऊन संसाराला हातभार लावणारीबद्दल तिचा नवराच ‘तिचा जरा वेळ जातो’ असं म्हणतो, तेव्हा काय उत्तर द्यायचं? आज याच प्रश्नासाठी मी थोडं लांबचं उदाहरण घेणार आहे. काळानं लांबचं आणि देशानंही. समुद्रातल्या शेवाळांचे निळे छाप काढणाऱ्या एका इंग्रज बाईचं.

“खाऊनपिऊन सुखी असलेल्या इंग्रज बाईशी आपला काय संबंध?” असं काही मैत्रिणी विचारतील. विचारायलाच हवं. मी त्या प्रश्नाकडे येणार आहे. पण आधी तिनं केलं काय, ते नीट पाहू. कारण आपल्याकडं बाईच्या कामाचं कौतुक पुष्कळ होतं, पण ते काम नक्की काय होतं, त्याला किती कष्ट पडले, हे पाहायला कुणाला सवड नसते.

१८४३ च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात राहणाऱ्या अ‍ॅना अ‍ॅटकिन्सनं एका पुस्तकाचा पहिला भाग पुरा केला. ‘फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्गी : सायनोटाइप इम्प्रेशन्स’ असं त्याचं नाव. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर सापडणाऱ्या शेवाळांचे छाप त्यात होते. गडद निळ्या कागदावर पांढऱ्या, केसाहूनही नाजूक रेषा. १८५३ पर्यंत, म्हणजे पुढची दहा वर्षं, ती या पुस्तकाचे भाग काढत राहिली. पूर्ण संच चारशेच्या आसपास पानांचा. छायाचित्रांच्या तंत्रानं सजलेलं जगातलं हे पहिलं पुस्तक, असं आता इतिहासकार मानतात. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या छायाचित्रणाच्या संशोधकाचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ त्याच्यानंतर, १८४४ मध्ये निघालं. तरीही पहिलेपणाचा मान कितीतरी वर्षं टॅलबटकडेच राहिला. त्याचं पुस्तक विकायला काढलेलं होतं. हिनं आपलं पुस्तक ओळखीच्या अभ्यासकांना आणि संस्थांना भेट म्हणून दिलं. विकलं ते काम ठरलं आणि दिलं तो छंद ठरला!

पुस्तकावर तिनं आपलं पूर्ण नाव घातलं नव्हतं. प्रस्तावनेखाली फक्त दोन अक्षरं होती – ‘ए. ए.’ तिच्या मृत्यूनंतर वीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा, १८८० च्या दशकाच्या अखेरीस, ग्लासगोच्या विल्यम लँग नावाच्या संग्राहकाच्या हाती ही निळी पानं आली. पानं पाहून तो थक्क झाला. पण ‘ए. ए.’ म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं तर्क केला – अनॉनिमस अ‍ॅमॅच्युअर. म्हणजे कुणी अनामिक हौशी! पुढं ब्रिटिश म्युझियममधल्या माहितीवरून नावाचा उलगडा झाला. पण झालेला उलगडाही लोक विसरले. १९८५ मध्ये लॅरी शाफ या अभ्यासकानं ‘सन गार्डन्स’ हे पुस्तक लिहिलं तेव्हा अ‍ॅना अ‍ॅटकिन्सचं नाव खऱ्या अर्थानं पुन्हा वर आलं. २०१८ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. दहा वर्षं राबून केलेल्या कामाला आपलं नाव परत मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

निळ्या पानामागचे कष्ट

आता ते काम पाहू. समुद्रातलं शेवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडकावरचा निसरडा हिरवा थर येतो. पण किनाऱ्यावर शेवाळांचे कितीतरी प्रकार असतात. काही रिबिनीसारखी लांब, काही पंख्यासारखी, काही नुसता केसांचा पुंजका. पाण्यात असताना त्यांचा आकार फुललेला असतो. बाहेर काढली की त्यांचा लगदा होतो. ती जतन करायची पद्धत अशी : शेवाळ पुन्हा पसरट भांड्यातल्या पाण्यात सोडायचं, खालून कागद सरकवायचा, सुईनं किंवा कुंचल्यानं एकेक फाटा मोकळा करायचा, आणि हलक्या हातानं कागद वर उचलायचा. मग वर पातळ कापड घालून, टिपकागदांमध्ये दाबून वाळवायचं. पुष्कळ शेवाळं आपल्याच चिकटपणानं कागदाला धरून राहतात. एका नमुन्यासाठी एवढा खटाटोप.

१८४१ मध्ये विल्यम हार्वे या वनस्पतिशास्त्रज्ञाचं ब्रिटिश शेवाळांवरचं मोठं पुस्तक निघालं. त्यात वर्णनं होती, चित्रं नव्हती. अ‍ॅना स्वतः उत्तम चित्रं काढणारी. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या शंख-शिंपल्यांवरच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद तिच्या वडिलांनी केला होता. त्यासाठी अडीचशेहून जास्त चित्रं तिनं काढली होती. तो अनुवाद १८२३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ती चोविशीत होती. पण शेवाळांच्या बाबतीत तिनं पेन्सिल बाजूला ठेवली. इतक्या बारीक वनस्पतींचं अचूक चित्र काढणं अवघड आहे, म्हणून मी वनस्पतींचेच छाप घेते, असं तिनं प्रस्तावनेत सांगितलं आहे.

हे छाप घेण्याची युक्ती जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये शोधली होती. हर्शेल तिच्या वडिलांच्या स्नेह्यांपैकी. लोहाचे दोन क्षार, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड, पाण्यात विरघळवून एकत्र करायचे आणि अंधाऱ्या खोलीत कुंचल्यानं कागदाला लावायचे. कागद पिवळसर हिरवा दिसतो. तो वाळला की त्यावर वाळवलेलं शेवाळ ठेवायचं, वर काच दाबायची, आणि उन्हात न्यायचं. ऊन लागेल तिथं रसायन बदलतं. मग कागद साध्या पाण्यात धुवायचा. ऊन लागलेली जागा गडद निळी होते, शेवाळानं झाकलेली पांढरी राहते. जिथं शेवाळ पातळ, तिथून थोडा उजेड आत शिरतो आणि फिकट निळा रंग येतो. त्यामुळं शेवाळाची आतली घडणही दिसते. छापखाना नाही, शाई नाही, ठसा कोरायला नको. ती वनस्पती हाच ठसा आणि सूर्य हाच छापणारा. पुढं हीच पद्धत इमारतींच्या आणि यंत्रांच्या आराखड्यांसाठी वापरात आली. ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द तिथूनच आला. योजनेची ब्लूप्रिंट, विकासाची ब्लूप्रिंट असं आपण रोज ऐकतो. त्या निळाईतलं पहिलं पुस्तक एका बाईच्या हातचं आहे, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही.

छापखान्यात एकदा ठसा तयार झाला की शंभर प्रती निघतात. इथं तसं नव्हतं. प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक पान स्वतंत्रपणे, पहिल्यापासून करायचं. कागदाला रसायन लावा, वाळवा, शेवाळ मांडा, काच ठेवा, ऊन दाखवा, धुवा, पुन्हा वाळवा. पानावरची नावंसुद्धा तिनं हातानं लिहून, तो पातळ चिठोरा शेवाळाबरोबर ठेवून उन्हातच छापली. शीर्षकाची अक्षरं तर शेवाळाच्या तंतूंची वाटावीत अशी वळवलेली. या पुस्तकाच्या डझनाहून जास्त प्रती, पूर्ण-अपूर्ण, आज ठिकठिकाणी जपलेल्या आहेत. एका पूर्ण प्रतीत चारशेच्या आसपास पानं. हिशोब केला तर पाच-सहा हजार वेळा हे सगळं झालेलं आहे. तेही इंग्लंडच्या उन्हात, जे आज असतं आणि उद्या नसतं! याला ‘हौशी’ म्हणायचं असेल, तर मग कष्ट कशाला म्हणायचं?

वडील, मैत्रीण आणि बंद दारं

अ‍ॅना लहान असतानाच तिची आई वारली. बाळंतपणातून ती उठलीच नाही. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन शास्त्रज्ञ होते, ब्रिटिश म्युझियममध्ये अधिकारी होते. त्यांनी मुलीला त्या काळात मुलींना मिळत नसे असं विज्ञानाचं शिक्षण दिलं. हे महत्त्वाचं आहे, आणि ते आपण मोकळेपणानं मान्य करावं. पण त्याबरोबर हेही पाहावं, की वडील रॉयल सोसायटीचे सभासद होऊ शकले, मुलगी होऊ शकली नाही. त्या संस्थेनं बायकांना सभासद करून घेतलं ते थेट १९४५ मध्ये. अ‍ॅनाला १८३९ मध्ये लंडनच्या बोटॅनिकल सोसायटीचं सभासदत्व मिळालं, कारण बायकांना दार उघडं ठेवणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ती एक होती. ज्या घरात ज्ञान होतं त्या घराची चावी वडिलांकडे, आणि मुलीला त्यांच्या मागोमाग आत जायची मुभा, असा हा प्रकार. आपल्याकडंही पहिल्या पिढीतल्या शिकलेल्या बायकांच्या आत्मकथनांतून हेच दिसतं. वडील किंवा नवरा ‘सुधारक’ असेल तर दार उघडायचं. तो नसता तर काय, हा प्रश्न तसाच राहतो.

१८५२ मध्ये वडील वारले. अ‍ॅना खचली. त्या उन्हाळ्यात तिची बालमैत्रीण अ‍ॅन डिक्सन तिच्याकडे येऊन राहिली. दोघी बहिणींसारख्या वाढलेल्या. पुढच्या दोन वर्षांत नेच्यांचे आणि फुलझाडांचे निळे छाप असलेले संग्रह तयार झाले. त्यात अ‍ॅन डिक्सनचाही हात होता. कुठलं पान कुणाचं, ते आज वेगळं काढता येत नाही. शोकात बुडालेल्या मैत्रिणीजवळ नुसतं बसून न राहता तिच्याबरोबर कामाला लागणं, हे आपण आपल्या गटांमध्ये किती वेळा पाहिलं आहे! आधार देणं म्हणजे दर वेळी बोलणंच असतं असं नाही. पण कलेच्या इतिहासाला असला भागीदारीचा हिशोब मांडता येत नाही. त्याला एकच नाव लागतं. त्यामुळं अ‍ॅटकिन्सचं नाव परत मिळालं तरी डिक्सनचं अजून तळटिपेतच आहे.

किनाऱ्यावर जायचं कुणी?

शेवाळ हवं तर ओहोटीच्या वेळी खडकांवर जायला हवं. मी वस्तीत काम करते, त्यामुळं मला पहिला प्रश्न तोच पडतो : बाईनं तिथवर जायचं कसं? त्या काळातल्या मार्गारेट गॅटी या दुसऱ्या शेवाळ-अभ्यासक बाईनं याचं उत्तर लिहून ठेवलं आहे. ती पाद्र्याची बायको, पुष्कळ मुलांची आई. बाळंतपणानंतरच्या आजारात हवापालटासाठी समुद्रकाठी राहिली, तेव्हा तिला शेवाळांचा नाद लागला. १८६३ मध्ये तिचं ‘ब्रिटिश सी-वीड्स’ हे पुस्तक आलं. त्यात ती बायकांना सांगते, खरंच काम करायचं असेल तर आपण कशा दिसतो याची काळजी घरी ठेवा. मुलगे घालतात तसले शिकारीचे जाड बूट घाला. घागरा घोट्याच्या वर असू द्या. आणि हेही सांगते, की पाण्याच्या अगदी कडेपर्यंत जायचं असेल तर सोबतीला पुरुष माणूस असलेला बरा.

या सल्ल्यात बंडखोरी आहे आणि तडजोडही आहे. आपल्याला दोन्ही ओळखीच्या आहेत. गॅटीनं कपड्यांची चौकट मोडली, सोबतीची चौकट मोडता आली नाही. निसर्गावरून कला सुचते असं म्हणणं सोपं असतं. पण निसर्गापर्यंत पोहोचायची वाट सगळ्यांना सारखी मोकळी नसते. मोकळा वेळ, सुरक्षित रस्ता, अंगावरचे कपडे, घरी मूल सांभाळायला कुणी आहे की नाही, या सगळ्यातून ती वाट जाते. बाईच्या कलेबद्दल लिहिणाऱ्यांनी आधी ही वाट मोजावी असं मला वाटतं.

मेरी वायटचं दुकान

या गोष्टीत मला सगळ्यात जवळची वाटते ती अ‍ॅनाही नाही आणि गॅटीही नाही. ती आहे मेरी वायट. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात टॉर्की हे समुद्रकाठचं गाव आहे. तिथं अमेलिया ग्रिफिथ्स ही शेवाळांची मोठी जाणकार बाई राहायची. पाद्र्याची विधवा, पाच मुलं. मोठमोठे शास्त्रज्ञ तिच्याकडून नमुने मागवायचे. आगार्ड या स्वीडिश शास्त्रज्ञानं १८१७ मध्ये शेवाळाच्या एका प्रजातीला तिच्यावरून ‘ग्रिफिथ्सिया’ हे नाव दिलं. पण तिनं स्वतःच्या नावावर पुस्तक छापलं नाही. मेरी वायट ही तिच्या घरची मोलकरीण. मालकिणीबरोबर किनाऱ्यावर जाता जाता तीही शेवाळं ओळखायला शिकली. पुढं तिनं टॉर्कीमध्ये शंख-शिंपल्यांचं दुकान काढलं. आणि १८३० च्या दशकात, ग्रिफिथ्सबाईंच्या देखरेखीखाली, ‘अल्गी डॅनमोनिएन्सिस’ नावाचे ग्रंथ तयार केले. त्यात चित्रं नव्हती. पानापानावर खरीखुरी वाळवलेली शेवाळं चिकटवलेली होती. ते ती विकायची. आणि त्यावर तिचं नाव होतं, पूर्ण नाव – मेरी वायट.

अ‍ॅना अ‍ॅटकिन्सच्या निळ्या पानांच्या आधीची ही गोष्ट. दोघींचं काम शेजारी ठेवून पाहा. घरंदाज बाई फक्त दोन अक्षरं घालते, आणि मोलकरीण आपलं पूर्ण नाव छापते. असं का? घरंदाज बाईनं बाजारात नाव आणणं त्या समाजात शोभत नसे. नाव झाकून ठेवणं हाच तिचा मोठेपणा. मेरीला तो मोठेपणा परवडणारा नव्हता. तिला माल विकायचा होता, आणि माल विकायचा तर तो कुणाचा ते सांगावं लागतं. म्हणजे बाईचं नाव पुसलं जातं ते नेहमी एकाच रीतीनं नाही. वरच्या वर्गात ते मर्यादेच्या नावाखाली जातं, खालच्या वर्गात ते कुणी विचारतच नाही म्हणून जातं. मेरीनं नाव लिहिलं, तरी शास्त्राच्या नोंदीत प्रजातीला नाव मिळालं ते मालकिणीचं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. अ‍ॅना श्रीमंत होती. तिच्या सासरचा पैसा वेस्ट इंडिजच्या व्यापारातून आलेला, जमैकातल्या मळ्यांशी बांधलेला. त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. ब्रिटिश संसदेनं १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई ठरवली. ती मालकांसाठी. राबणाऱ्यांना एक पैसा नाही. अ‍ॅनाच्या नेच्यांच्या संग्रहात काही पानांवर नावाखाली ‘जमैका’ असं लिहिलेलं आहे. तिथून तो नेचा कुणी खुडला, कुणी वाळवला, कुणी बांधून बोटीवर चढवला, हे त्या निळ्या पानावर नाही. ‘ए. ए.’चं नाव शोधायला शंभर वर्षं लागली, पण निदान शोधायला दोन अक्षरं तरी होती. जमैकातल्या त्या हातांची तेवढीही खूण नाही. म्हणून अ‍ॅनाला देव्हाऱ्यात बसवू नये, आणि श्रीमंत म्हणून झटकूनही टाकू नये, असं माझं मत आहे. तिच्यावर झालेला अन्याय खरा आहे. तिच्या आयुष्याखाली दबलेला अन्यायही तितकाच खरा आहे. स्त्री-इतिहास लिहायचा तर दोन्ही एकाच पानावर लिहावे लागतील.

कोळीवाड्यातल्या मुली

ही पानं आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं इंटरनेटवर सर्वांना खुली केली आहेत. मी ती आमच्या किशोरवयीन मुलींच्या गटाला दाखवली. मुंबईतल्या एका कोळीवाड्यातल्या या मुली. त्यांची पहिली प्रतिक्रिया माझ्या अपेक्षेच्या उलट होती. “ताई, यात काय बघायचं? हे तर जाळ्यात अडकतं. आम्ही ओढून फेकून देतो.” बरोबरच होतं. जे दुसऱ्याला सौंदर्य वाटतं ते ज्याला साफ करावं लागतं त्याला कचराच वाटणार.

मग आम्ही ते करून पाहायचं ठरवलं. रसायनं आणली, हातमोजे घातले, किनाऱ्यावर जाऊन सामान गोळा केलं. शेवाळ थोडंच मिळालं. तुटक्या जाळ्याचे तुकडे, शिंपले आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या भरपूर मिळाल्या. आज त्या किनाऱ्यावर आहे ते हे आहे, त्यामुळं छापही त्यांचेच निघाले. जाळ्याच्या गाठी पांढऱ्या रेषांमध्ये अशा उमटल्या की मुली गप्पच झाल्या. ऊन किती वेळ दाखवायचं यावर आमचा वाद चालला होता. एका मुलीची आई मासळी वाळत घालायला गच्चीवर आली होती. कागदाकडे बघून ती म्हणाली, “आज ढग पातळ आहेत, अजून जरा राहू दे.” तिनं जन्मभर बोंबील वाळवलेले. उन्हाचा अंदाज तिच्याइतका आमच्यापैकी कुणालाच नव्हता. तिनं सांगितलं तेव्हा कागद उचलला, आणि तो छाप सगळ्यांत चांगला निघाला. छापाखाली नावं लिहायची वेळ आली तेव्हा त्या मुलीनं स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याच्या शेजारी आईचं लिहिलं. का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “वेळ तिनं सांगितली ना!”

मला वाटतं, श्रेय कसं द्यावं याचा याहून सोपा नियम नाही. ज्या ज्ञानावर काम उभं राहिलं ते ज्ञान ज्याचं, त्याचं नाव कामावर असावं.

आपल्या घरातला हिशोब

हे सगळं इथं लिहिण्याचं खरं कारण आपल्या चळवळीतलं आहे. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या बायकांनी काही वर्षांपूर्वी पाणी आणि संडास यांचं सर्वेक्षण केलं. घरोघर फिरल्या, पहाटे नळावर उभं राहून नोंदी केल्या, शिव्याही खाल्ल्या. एका संस्थेनं त्याचा अहवाल काढला. वर सल्लागारांची नावं, आत ‘स्थानिक महिलांच्या सहकार्याने’ एवढीच एक ओळ. नाव माझंही नव्हतं, पण मला निदान पगार मिळत होता. त्यांतली एक बाई अहवाल हातात घेऊन पानं उलटत राहिली आणि म्हणाली, “यात मी कुठं आहे?” त्या संस्थेला आम्ही पत्र लिहिलं. पुढच्या आवृत्तीत पाहू, असं उत्तर आलं. पुढची आवृत्ती निघाली नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. आपलं काय? आपल्या मोर्च्यांची पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका, पथनाट्याच्या संहिता. दिल्लीच्या ‘झुबान’ या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेनं ‘पोस्टर विमेन’ या प्रकल्पात देशभरातल्या स्त्रीचळवळीची पोस्टरं गोळा केली, ते फार मोठं काम झालं. पण अशी जुनी पोस्टरं हाती घेतली की कितीतरी पोस्टरांवर गटाचं नाव असतं, चित्र काढणारीचं नसतं. तेव्हाच्या मैत्रिणी सांगतात, “आम्ही मुद्दाम नाव घालत नव्हतो. काम सगळ्याजणींचं होतं. मी-मी करायचं नाही, असं ठरलेलं होतं.” या विचाराबद्दल मला आदर आहे. नावासाठी धडपडणाऱ्या कलाबाजाराला तो सडेतोड जवाब होता. पण स्वतःहून नाव न घालणं आणि नाव घालू न देणं, यांतला फरक त्या दिवशी त्या खोलीत असलेल्या बायकांनाच माहीत असतो. तीस-चाळीस वर्षांनी पोस्टर हाती घेणाऱ्या मुलीला दोन्हींतलं काहीच दिसत नाही. तिला दिसते फक्त कोरी जागा. मग कुणी तरी विल्यम लँग येतो आणि त्या कोऱ्या जागेत आपला अंदाज लिहितो.

आणि खरं सांगू? ‘सगळ्याजणींचं काम’ असं म्हटलं तरी ज्यांना लिहिता-बोलता येतं त्यांची नावं कुठून ना कुठून राहतातच. लेखांत, मुलाखतींत, आठवणींत. पुसली जातात ती खळ शिजवणारीची, रात्रभर रंग भरणारीची, पोस्टर खांद्यावर घेऊन लोकलनं जाणारीची. सामूहिकतेचा तोटा सगळ्यांना सारखा होत नाही. तो मेरी वायटला जास्त होतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पोस्टरच्या दर्शनी बाजूला गटाचंच नाव असू द्या. पण मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, गाव, आणि ज्यांचे ज्यांचे हात लागले त्यांची नावं लिहा. आपल्याकडं प्रत्येक गटाची एक नोंदवही असते. तिच्यात जमाखर्च लिहितो तसं एक पान कामाच्या नावांसाठी ठेवा. कुणी काढलं, कुणी सुचवलं, कुणी शिकवलं, कुणाचं मूल कुणी सांभाळलं म्हणून हे झालं. एखादीला नाव नको असेल, घरच्या भीतीनं किंवा स्वतःच्या इच्छेनं, तर तेही तसंच लिहा : ‘एका मैत्रिणीनं, नाव नको म्हणाली.’ अहवाल करणाऱ्या संस्थेशी बोलणं होईल तेव्हा मानधनाइतकीच नावाचीही अट घाला, आणि ती कागदावर घ्या. आमच्या गटानं आता तसं ठरवलं आहे. या अटीवरून एक काम हातचं गेलं. दुसऱ्या दोन ठिकाणी मात्र ती लगेच मान्य झाली, कारण याआधी कुणी मागितलंच नव्हतं.

बचत गटाच्या मालावरही हे करता येईल. पिशवीवर गटाचं नाव असतं, अनुदान देणाऱ्याचं चिन्ह असतं. शिवणारीचं नाव असायला काय हरकत आहे? गिऱ्हाईक ते वाचेलच असं नाही. पण शिवणारी वाचेल, तिची मुलगी वाचेल.

मैत्रिणींनो, अ‍ॅना अ‍ॅटकिन्सकडे वेळ होता, पैसा होता, शिकवणारे वडील होते, तरी तिचं नाव शंभर वर्षं हरवलं. आपल्या बायकांकडे यांतलं काहीच नाही. त्यांची नावं शोधायला शंभर वर्षांनी कुणी अभ्यासक येईल, या भरवशावर आपण राहू शकत नाही. पुढच्या बैठकीला जाताना नोंदवहीचं ते पान आखून न्या. आणि आपल्या जुन्या ट्रंकांमध्ये, माळ्यांवर जी पोस्टरं, पुस्तिका, फोटो पडले असतील, ते काढून त्यांवर आठवतील तेवढी नावं आजच लिहा. आठवणाऱ्या बायका अजून आपल्यात आहेत तोवर हे काम उरकायला हवं.